एकोणिसाव्या खंडातली मात्रा

आधी कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. हैफाच्या बंदरावर खलाशांचा एक क्लब होता. तिथे हनुक्काच्या, म्हणजे आमच्या दिव्यांच्या सणाच्या, नाचाला, जोडपी एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून संथ डुलत असताना, मी पियानोवर एक मात्रा कमी वाजवली. चुकून नव्हे. चुकून गेली असती तर माणसं माफ करतात. मी ती मात्रा तीन आठवडे घरी बसून कमी करायला शिकले होते, वहीत लिहून, खाली दोनदा रेघ मारून. नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांवर पडले, क्लॅरिनेट ओठांपर्यंत येऊन परत खाली गेलं, आणि मी मान वर करून सगळ्यांकडे असं पाहिलं की, काय अडाणी लोक आहेत, ह्यांना कला कशाशी खातात ते ठाऊक नाही.

ती मुलगी आज समोर आली तर मी तिला रागावणार नाही. आधी बसवीन, चहा पाजीन, आणि मग पोट धरून हसेन.

१९६२ साली आम्ही मुंबईहून इस्राएलात आलो तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. म्हणजे तसं माझं मत होतं. आई-पपांना आणि धाकट्या भावंडांना दक्षिणेच्या वाळवंटात, डिमोनात घर मिळालं. दारात उभं राहिलं की समोर दुसऱ्या घराचं दार, आणि त्याच्या पलीकडे वाळू, बस. मी मात्र हैफाला आत्याकडे राहिले. आत्या आमच्या पाच वर्षं आधी आलेली, विधवा, बंदराजवळच्या एका लाँड्रीत कामाला. तिने मलाही तिथेच चिकटवलं. सकाळी सहा ते दुपारी दोन चादरींना इस्त्री. दोननंतर मी कलाकार.

ह्या कलाकाराचं शिक्षण ऐका. भायखळ्याच्या शाळेत एक पियानो होता आणि एक गोव्याच्या बाई होत्या. त्यांनी डाव्या हाताला कॉर्ड पकडायला शिकवल्या, प्रार्थनेला वाजवता येईल इतपत. उजवा हात घडला घरी, पपांच्या पेटीवर. आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, लोकांत तेव्हा मराठीतून कीर्तनं व्हायची, आमच्या धर्मग्रंथातल्या संदेष्ट्यांच्या गोष्टींची. पपा पेटीला असत, आणि बायकांच्या कीर्तनात आत्या झांज धरायची. आत्याची झांज म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. कीर्तनकार बाई रडत असो की पाणी पीत असो, हिची मात्रा तसूभर इकडची तिकडे होत नसे. हे लक्षात ठेवा. मी ते विसरले होते.

क्लबाचे टेबलक्लॉथ आमच्या लाँड्रीत यायचे. १९६३च्या सप्टेंबरात एकदा मी ते पोचवायला गेले, पियानो उघडा दिसला, आणि मी गठ्ठा खुर्चीवर ठेवून वाजवत बसले. मागून कोणी विचारलं, "तुला फॉक्सट्रॉट येतो?" मी न वळता म्हटलं, "येतो." येत नव्हता. पण त्यांचा पियानोवाला दोन दिवसांपूर्वीच सैन्यात भरती झाला होता, आणि मंगळवारी पाचला नाच होता, म्हणून मला घेतलं.

विचारणारा बँडचा म्होरक्या. बल्गेरियाहून आलेला, पन्नाशीचा, दिवसा घड्याळं दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी क्लॅरिनेट वाजवायचा. सगळे त्याला माएस्ट्रो, म्हणजे उस्ताद, म्हणायचे, तर मीही म्हणे. तो मला होदीत म्हणायचा, म्हणजे हिंदुस्थानी बाई. नाव विचारायची तसदी त्याने घेतली नाही, आणि मी सांगायची घेतली नाही. ड्रमवर एक बगदादी होता, त्याच्या खिशात कायम सूर्यफुलाच्या बिया. वाजवता वाजवता तो बी सोलायचा आणि टरफल जमिनीवर टाकायचा, तेही तालात. चौथे काँट्राबासवाले, म्हणजे माणसाएवढं उभं व्हायोलिन वाजवणारे, आजोबा, जर्मनीचे. ते कधी बोलत नसत, त्यामुळे ह्या गोष्टीत त्यांना काम नाही.

जॅझचा कारभार असा. आधी सगळे मिळून चाल वाजवतात, बत्तीस खंडांची, दर खंडात चार मात्रा. मग तीच चौकट खाली फिरत राहते आणि एकेकाची पाळी, म्हणजे सोलो, येते. आता तुझ्या मनचं वाजव. काय हवं ते कर, पण बत्तीस खंड संपले की सगळ्यांबरोबर समेवर ये. मला वाटलं, हे काय, आपल्याकडे हेच तर करतात. पण माझी पाळी आली की माझ्या मनचं म्हणून काही निघेचना. मी तीच चाल पुन्हा वाजवायची आणि मधे दोन मुरक्या घालायची, वरणावर कोथिंबीर घालावी तशा.

माएस्ट्रोने दोन महिने ऐकून घेतलं. मग एक दिवस सराव संपल्यावर म्हणाला, "होदीत, तू पाकिटावरचा पत्ता वाचून दाखवतेस. आत पत्र आहे की नाही?"

"आहे," मी म्हटलं.

"मग उघड. हनुक्कापर्यंत थांबतो. तेल अवीवहून एकजण मला पत्र लिहितोय, त्याला पियानोची जागा हवी आहे. सोलो बरा वाजवतो म्हणतात."

नेमकं त्याच आठवड्यात पपांचं पत्र आलं. त्यांनी डिमोनातल्या सूतगिरणीत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. पपा कधी चढ्या आवाजात लिहीत नसत. लिहिलं होतं: "बाय, तुझं बाजाचं काम कायम झालं तर आनंदच आहे. हनुक्कापर्यंत काय ते कळव. नाही जमलं तर इकडे ये, तुझ्या आईला एकटीला होत नाही." दोन माणसं एकमेकांना कधी भेटली नव्हती, पण दोघांनी तारीख एकच धरली. आई-पपांचं काही चुकत नव्हतं. फक्त डिमोनात तेव्हा पियानो नव्हता.

मी माएस्ट्रोकडे गेले आणि सरळ विचारलं, "पत्र कसं उघडतात?"

त्याने दुकानाच्या कपाटातून, घड्याळांच्या डब्यांमागून, एक तबकडी काढली. बल्गेरियाहून येताना त्याने कोटाच्या अस्तरात शिवून आणलेली. एका बाजूला एका अमेरिकन पियानोवाल्याचा संथ सोलो, दुसऱ्या बाजूला क्लॅरिनेटचा.

"ही माझी एकुलती आहे," तो म्हणाला. "आता नीट ऐक. आठवडाभर नुसती ऐकायची. पेन्सिलीला हात लावायचा नाही. मग त्याच्याबरोबर गायचं, पूर्ण, श्वासासकट. गाता आलं की लिहायचं. लिहिलं की वाजवायचं. मग त्यातला एक तुकडा घ्यायचा आणि बारा पट्ट्यांत फिरवायचा, तो तुझ्या बोटांचा होईपर्यंत. आणि मग वही फेकून द्यायची."

"फेकायची?"

"फेकायची. सवलानूत, होदीत. सवलानूत." म्हणजे धीर धर. ह्या देशात हा शब्द सगळे एकमेकांना सांगतात, कारण कोणाकडेच तो नसतो.

माझ्याकडे तर नव्हताच. त्याच संध्याकाळी मी पेन्सिलीला टोक केलं.

आत्याकडे मुंबईहून आणलेला चावीचा फोनो होता. मी चावी भरायची, सुई ठेवायची, दोन मात्रा ऐकायची, सुई उचलायची, पपांनी माझ्याबरोबर दिलेल्या लहान पेटीवर सूर शोधायचे, वहीत लिहायचे. पाश्चात्य लिपी मला वाचता येत होती पण लिहायचा कंटाळा, म्हणून मी लिहिलं सारेगममध्ये, देवनागरीत, कोमल सुरांखाली आडव्या रेघा. अमेरिकेतल्या त्या पियानोवाल्याला कळलं असतं की त्याचा सोलो बोरूने गिरवल्यासारख्या अक्षरात 'नि॒ ध प' असा उतरतोय, तर त्याने पियानो सोडून दिला असता. सुईचंही तसंच. स्टीलची सुई दर बाजूला बदलायची असते. डबीत थोड्या उरल्या होत्या, म्हणून मी एकच सुई आठवडाभर चालवली. मला काटकसरीचा अभिमान वाटला.

आता माझ्या त्या काळाच्या बाजूने एक शब्द बोलायचा तर, मी शिकत होते, बरं का. लिहिता लिहिता पहिल्यांदा कळलं की तो माणूस फार कमी वाजवतो. मी समजत होते सोलो म्हणजे भरगच्च. हा एक वाक्य म्हणायचा आणि दोन मात्रा गप्प बसायचा, जणू समोरच्याला हुंकार द्यायला वेळ देतोय. आणि एक सहा सुरांचा तुकडा त्याने तीन ठिकाणी वापरला होता, प्रत्येक वेळी वेगळ्या पायरीवर उभा करून. नुसतं ऐकताना तीन नवीन वाटले होते. कागदावर आल्यावर तिघं सख्खे भाऊ निघाले. हे मला कोणी सांगून पटलं नसतं. माझी नात हल्ली फोनवर कुठलंही गाणं निम्म्या वेगाने लावते आणि तरी त्याची पट्टी बदलत नाही. मला विचारते, "सफ्ता," म्हणजे आजी, "तुम्ही कसं करायचात?" मी म्हणते, "पाप करत करत."

अठरा खंड दोन आठवड्यांत उतरले. एकोणिसाव्यात मी अडकले. तिथे तो वरून खाली काहीतरी घरंगळत यायचा आणि ते मला पकडता येईना. सुई ठेव, उचल. ठेव, उचल. मग हात इतका दमायचा की सुई ठेवण्याऐवजी पडायची, एक-दोनदा घसरलीही. चौथ्या दिवशी अचानक तो खंड सोपा झाला. घरंगळणं नाहीसं झालं आणि तीन मात्रांतच पुढचा खंड सुरू झाला. मी पुन्हा ऐकलं. तीनच. पुन्हा. तीनच! मी पेटीवर हात आपटून म्हटलं, अरे लबाडा! इथे तू एक मात्रा गिळतोस होय? म्हणून मला पकडता येत नव्हतं!

आत्या आत भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"काय गो, ह्याची एक मात्रा कुठे गेली?"

"तो मुद्दाम सोडतो, आत्या."

"मुद्दाम कशी? कालपर्यंत होती ना."

"कालपर्यंत मला नीट ऐकू येत नव्हतं."

"मला येत होतं," आत्या म्हणाली. "भाकरी मी त्याच्यावरच थापते. आज हात हवेत राहिला."

मी तिला काय उत्तर दिलं ते लिहिताना आज साठ वर्षांनीही कान गरम होतात. मी म्हटलं, "आत्या, हे जॅझ आहे. तुमचं बायकांचं कीर्तन नाही."

आत्या एवढंच म्हणाली, "बरं बाय," आणि भाकरी उलटली. पिठाच्या हाताने दारात येऊन बोलली असती तर मी वाद घातला असता. तिने घातला नाही, म्हणजे मी जिंकले असं मी धरलं.

मग मी वहीत एकोणिसाव्या खंडात तीन मात्रा लिहिल्या आणि खाली दोन रेघा मारल्या. आणखी एक शहाणपणा केला. हे सगळं सरावात वाजवायचं नाही असं ठरवलं. हनुक्काच्या नाचालाच काढायचं, म्हणजे माएस्ट्रो थक्क होईल. गाण्याची पायरी मी गाळलीच होती. गायले असते तर तिथे माझाच पाय अडखळला असता. अंगाला मात्रा कळते, वहीला कळत नाही. पण मी वहीवाली.

आता तो दिवस. मंगळवार, संध्याकाळी पाच. एका ग्रीक बोटीचे खलाशी, दोन-तीन इटालियन, क्लबाचा मॅनेजर नवीन सुटात, आणि आत्या मागच्या बाकावर, लाँड्रीतल्या दोन बायकांना घेऊन. संथ गाणं सुरू झालं. क्लॅरिनेटची पाळी झाली, माएस्ट्रोने माझ्याकडे मान हलवली, आणि मी सुरू केलं.

अठरा खंड मी काय वाजवलं! खरंच सांगते, चांगलं वाजवलं. गप्प बसायच्या जागी गप्प बसले. माएस्ट्रोच्या भुवया वर गेल्या. बगदादीने बी सोलायची थांबवली. मग एकोणिसावा खंड आला, मी तीन मात्रांत उडी मारून पुढे गेले, आणि मागे तिघं अजून चौथ्या मात्रेवर उभे. एक ग्रीक आपल्या जोडीदारणीच्या पायावर चढला. ती किंचाळली. काँट्राबास माझ्या मागे धावला, ड्रम धावला नाही, माएस्ट्रो क्लॅरिनेट उचलून पुन्हा खाली ठेवून बसला. तीन खंड आम्ही चौघं चार बसांत बसल्यासारखे गेलो. शेवटी बगदादीने दोन काठ्या एकमेकींवर आपटून एक मात्रा टाकून दिली आणि मला गाठलं.

मधल्या सुट्टीत तो माझ्याजवळ आला आणि हातावर चार बिया ठेवल्या. "घे. जेवून आली नव्हतीस वाटतं. ठोका खाल्लास."

"खाल्ला नाही. तिथे तो नसतोच."

"कोण म्हणतं?" हे माएस्ट्रो, पाठीमागून.

"तुमची तबकडी म्हणते. एकोणिसाव्या खंडात तो एक मात्रा सोडतो."

"होदीत, ती तबकडी मी पंधरा वर्षं ऐकतोय."

"मग तुम्ही पंधरा वर्षं नीट ऐकली नाहीत."

बगदादीने तोंडात घातलेली बी तशीच राहिली. माएस्ट्रो रागावला नाही, ते जास्त वाईट होतं. तो अगदी हळू म्हणाला, "रविवारी दुकानात ये. तबकडी घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी दुपारी, लाँड्रीतून आल्यावर, मीच फोनोला चावी भरली. म्हटलं, पक्का पुरावा घेऊन जाऊ. आत्याने न विचारता झांज काढली, कापडात गुंडाळून ठेवलेली, आणि बसली धरून. अठरा खंड तिची झांज आणि तो पियानो एकजीव. एकोणिसाव्यात झांज वाजली आणि पियानो पुढे निघून गेला होता. त्याच्या आधी, अगदी बारीक, एक 'टक'.

"पुन्हा लाव," आत्या म्हणाली.

टक.

मी तबकडी खिडकीपाशी नेली आणि उजेडात तिरकी धरली. काळ्या रेघांवर एक केसाएवढा पांढरा चरा. बरोबर तिथे, जिथे चार दिवस मी सुई टाकत होते. सुई त्या चऱ्यावरून उडून शेजारच्या रेघेत पडत होती. म्हणजे चूक मीच आधी तबकडीत कोरली, मग तिच्याकडून मन लावून शिकले, मग वहीत उतरवली, मग खाली दोन रेघा मारल्या, आणि मग जगाला शिकवायला गेले.

मी जमिनीवर बसले. माझ्या डोळ्यांपुढे माएस्ट्रोच्या कोटाचं अस्तर आलं, मग डिमोनाची बस. म्हटलं, "आत्या, गेली जागा."

"जागेचं मग. तबकडीचं काय सांगणार आहेस?"

"बसमध्ये कोणीतरी तिच्यावर बसलं, असं सांगू?"

"बसलं तर फुटते, चरा पडत नाही. माझ्या हातून पडली म्हणून सांग. मला कुठे तो ओळखतो? मी म्हातारी, हात कापतात." तिचे हात आयुष्यात कधी कापले नव्हते.

शनिवारी शाबात, म्हणजे आमचा विसाव्याचा दिवस, सुटल्यावर तिने एलियाहू हन्नाबी ह्या संदेष्ट्याला नवस बोलला. कार्मेल डोंगराच्या पायथ्याशी त्याची गुहा आहे, आमच्या घरापासून दोन स्टॉप. कोकणात असताना आमचे लोक काही अडलं की त्याच्या नावाने मलिदा करायचे, पोहे, खोबरं, साखर, वर फळं. इथे आलो तर नबी शेजारीच राहतो म्हणून सगळे जास्तच हक्काने बोलायचे. रविवारी दुपारी मी तबकडी दोन उशांच्या अभ्र्यांत गुंडाळून निघाले, तेव्हा आत्या मुंबईहून आलेल्या पोह्यांची पिशवी उघडत होती.

"आताच काढतेस?"

"काढून ठेवते. जागा राहिली तर मलिदा. नाही राहिली तर कांदेपोहे. वाया काही जात नाही."

घड्याळांच्या दुकानात माएस्ट्रो एकटाच होता, डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळाच्या पोटात वाकलेला. मी अभ्रे सोडले, तबकडी काउंटरवर ठेवली आणि पाठ केलेलं बोलायला सुरुवात केली.

"माएस्ट्रो, तबकडीला चरा पडलाय. काय झालं, माझी आत्या म्हातारी आहे, तिच्या हातून..."

त्याने तबकडी भिंगाखाली घेतली होती. दुकानातली सगळी घड्याळं बोलत होती.

"तुझी आत्या," तो म्हणाला, "एकाच जागी चाळीस वेळा पाडते का?"

मी अभ्र्याचं टोक पिळत राहिले.

"इकडे ये." त्याने भिंग माझ्या डोळ्याला लावलं. चऱ्याच्या दोन्ही बाजूंना टोचे होते, बारीक बारीक, पाखरांनी दाणे टिपावे तसे, एकावर एक. प्रत्येक टोचा म्हणजे मी एकदा सुई ठेवलेली. मला ते मोजता येईनात, कारण डोळ्यात पाणी आलं होतं.

"मीच," मी म्हटलं. "आत्या नाही. सुई पण बदलली नाही. गायले पण नाही. पेन्सिल पहिल्याच दिवशी घेतली."

"ते दिसतंय." मग तो घड्याळजीच्या आवाजात, मला नव्हे, तबकडीला उद्देशून बोलल्यासारखा बोलू लागला. "हे गाणं संथ आहे. तबकडीचा एक फेरा फिरायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच ह्या गाण्याचा एक ठोका. सुई एक रेघ ओलांडते, एक फेरा जातो, एक ठोका जातो. अगदी साफ. गाणं जरा जलद असतं तर दीड ठोका गेला असता आणि तुला कळलं असतं. नशीब वाईट तुझं."

मी म्हटलं, "मी नवीन आणून देईन. कुठून ते माहीत नाही, पण देईन."

त्याने तबकडी उलटली. क्लॅरिनेटची बाजू. भिंग पुन्हा माझ्या हातात दिलं आणि नखाने एक जागा दाखवली. मी पाहिलं. टोचे. जुने, गुळगुळीत झालेले, माझ्यापेक्षा दाट.

"हे कोणी केलं?"

"माझी आत्या म्हातारी होती," माएस्ट्रो म्हणाला.

मला हसावं की नाही कळेना. तो मात्र हसला, पहिल्यांदाच, आणि खांदे हलेपर्यंत हसला. म्हणाला, बल्गेरियात असताना तोही असाच एका जागी अडकला होता, आणि त्या बाजूचे दोन ठोके सहा वर्षं गिळून वाजवत होता, शहरभर. मग एका बोटीवर कोणाकडे तीच तबकडी धड निघाली. "तुला एका मंगळवारात कळलं," तो म्हणाला. "मला सहा वर्षं लागली. आता गा."

"इथे?"

"मग कुठे?"

तो काचेवर नखाने मात्रा द्यायला लागला. मी गायले. सारेगममध्येच गायले, दुसरं येत नव्हतं. दारावरून जाणारी एक बाई थांबली आणि पुढे गेली. अठरा खंड झाले. एकोणिसावा आला आणि त्याचं नख चौथ्या मात्रेला वाजलं, आणि मी पहिल्यांदा त्या मात्रेवर उभी राहिले. तिथे काहीच नव्हतं. ते घरंगळणं मला कधी सापडलंच नव्हतं, आणि आता तबकडीवरही उरलं नव्हतं. थांबले असते तर पुन्हा बुडाले असते, म्हणून तोंडाला आलं ते गायले. पपांच्या पेटीवर गोष्ट संपताना जे दोन-तीन सूर यायचे, ते आले. आणि विसाव्या खंडात मी सगळ्यांबरोबर होते. सगळ्यांबरोबर म्हणजे त्या नखाबरोबर.

बत्तीस खंड संपले. छातीतला दगड उतरला होता. जागा जाणार असेल तर जावो, लबाडी तरी गेली, असं वाटलं. मी अभ्र्यांची घडी घालायला लागले.

माएस्ट्रोने तबकडी कपाटात, घड्याळांच्या डब्यांमागे ठेवली. "तिथे काय गायलीस?"

"माझ्या पपांचं. पण तिथे ते नाही ना? तो काय वाजवतो तिथे?"

त्याने डोळ्याला भिंग लावलं आणि घड्याळावर वाकला, जणू मी निघून गेले आहे.

मी दारापर्यंत गेले, आणि मग राहवलं नाही. म्हटलं, "माएस्ट्रो, आणि तेल अवीवचा तो?"

त्याने मान वर केली नाही. तो म्हणाला, "त्याला मी काल नको म्हणून लिहिलं. तू मंगळवारी पाचला ये, येताना सुयांची नवी डबी आण, आणि तिथे तो काय वाजवतो ते मला विचारू नकोस, कारण मी मरेपर्यंत सांगणार नाही."